उसन्या गोष्टींचा हिशेब

गेल्या दोन रविवारी आमच्या घरात दोन चित्रपट झाले. आधीच्या रविवारी ‘फॉरेस्ट गम्प’ आणि परवा ‘लाल सिंग चढ्ढा’. निवड अर्थातच नातीची. ती अकरावीत आहे, रिमोट तिच्या ताब्यात असतो आणि आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी तिच्या मर्जीनं जे लागेल ते पाहतो. ‘लाल सिंग’ अर्ध्यावर आला तेव्हा ती म्हणाली, ‘‘आबा, आपल्याकडे स्वतःचं काही बनतच नाही का हो? सगळं तिकडून उचललेलं!’’

मी काही बोलण्याआधी सौ. म्हणाली, ‘‘माझी सांबारवडी तू चार-चार खातेस. ती तरी मी कुठं शोधून काढली? सासूबाईंची आहे. आणि सासूबाईंची आहे, असं मी सांगतेही.’’

नात हसली आणि विषय संपला. तिच्यापुरता. माझ्या डोक्यातून मात्र आठवडाभर जाईना.

खरं म्हणजे आमची पिढी उसन्या गोष्टींवरच वाढली. सदरमधल्या लिबर्टीला सायकलनं इंग्रजी चित्रपट पाहायला जायचं, निम्मे संवाद कळायचे नाहीत, आणि दोन-चार वर्षांनी तीच गोष्ट हिंदीत, सहा गाण्यांसह, बर्डीवर पाहायची. ‘अरे, हे तर पाहिलंय’ असं शेजाऱ्याला कोपरखळी मारून सांगण्यात तेव्हा मोठी मौज वाटे. त्या श्रेयनामावलीत मूळ चित्रपटाचं नाव बहुधा नसे, आणि नसण्याचं कुणाला नवलही वाटत नसे.

‘लाल सिंग चढ्ढा’चं (२०२२) तसं नाही. हक्क रीतसर विकत घेऊन केलेला चित्रपट आहे आणि त्याचं भारतीय रूपांतर आपल्या अतुल कुलकर्णींनी लिहिलं आहे. चॉकलेटच्या डब्याच्या जागी पाणीपुरी आली, ते ठीकच. पण व्हिएतनामच्या जागी कारगिल आलं आणि तिथं मला ठेच लागली. व्हिएतनामच्या युद्धानं अमेरिका दुभंगली होती. मुलं रस्त्यावर उतरली होती. गम्पची जेनी त्यांच्यात आणि गम्प स्वतः गणवेशात. त्या भोळ्या माणसाला यातलं काही कळत नाही, आणि आपण पाहणारे मात्र अस्वस्थ होतो. १९९९ साली कारगिलविषयी आपल्या घरांत दोन मतं होती का? नव्हती. त्यामुळे लालचं धाडस उरलं, पण अस्वस्थता गळून पडली.

त्याच चित्रपटात १९८४ मात्र आहे. दिल्लीत दंगल उसळलेली असते आणि जीव वाचावा म्हणून आई रस्त्यातच त्या शीख पोराचे केस कापते. पुढं बाहेर असं काही पेटलं की ती त्याला सांगते, मलेरियाची साथ आली आहे, घरातच राहा. हे मूळ चित्रपटात नाही आणि असूही शकलं नसतं. तेवढ्या वेळात नातीनं हातातला फोन खाली ठेवला होता, एवढं मी पाहिलं.

आता एक बँकेतली गोष्ट सांगतो. विषयांतर वाटेल, पण नाही. नोकरीत काही वर्षं मी काटोलकडे संत्र्याच्या बागांना कर्जं दिली. मग बदली भंडाऱ्याच्या बाजूला. मुख्य कार्यालयाचा छापील अर्ज दोन्हीकडे एकच. त्यात रकाना : विहिरी किती, पंप किती अश्वशक्तीचा? काटोलला हे प्रश्न बरोबर होते. भंडाऱ्याच्या धानवाल्या शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणे, ‘‘पानी मामा तलावाचं आहे ना, साहेब!’’ मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी लोकांनी पिढ्यान् पिढ्या बांधून, राखून ठेवलेले. धानाचा सारा जीव त्यांच्यावर. पण अर्जात तलावाला रकानाच नव्हता. विहिरी ‘शून्य’ लिहिलं की वरून शेरा यायचा, पाण्याची सोय नाही, कर्ज देऊ नये. माणूस पाण्यात उभा आणि कागदावर कोरडा! शेवटी मी अर्जाच्या समासात हातानं ‘तलाव’ लिहू लागलो. त्यावरून बोलणीही खाल्ली.

परक्या गोष्टीचं असंच असतं, असं मला वाटतं. छापील अर्ज कुठूनही येवो, समासात ‘तलाव’ लिहिणारा कुणी हवा.

तो कसा लिहावा, याचा ‘पिंजरा’एवढा (१९७२) मोठा नमुना मी पाहिलेला नाही. त्याची मुळं ‘द ब्लू एंजल’ या १९३० सालच्या जर्मन चित्रपटात आहेत, हे आता सर्वांना ठाऊक आहे. हॉलिवूडच्या जोसेफ फॉन स्टर्नबर्गनं बर्लिनला जाऊन तो जर्मन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत केला. (शांतारामबापूंनीही ‘पिंजरा’ मराठी-हिंदी असा दोनदा केला. हा योगायोगच म्हणायचा.) तिकडे शाळेतला एक कडक मास्तर नाचगाण्याच्या अड्ड्यावर पोरांना पकडायला जातो, तिथल्या लोलाच्या मोहात पडतो, तिच्याशी लग्न करतो, विदूषक होतो. आपल्याच गावच्या रंगमंचावर त्याला कोंबड्यासारखं आरवावं लागतं. शेवटी तो आपल्या वर्गातल्या टेबलाला धरून मरतो. फार करुण आहे. पण ती एका माणसाची फजिती आहे. गाव हसतं आणि आपल्या कामाला लागतं.

शांतारामबापूंनी तुणतुणं आणलं, फड आणला, चंद्रकला आणली, हे झालं कपड्यांचं. खरी करामत पुढं आहे. आपल्या गावात मास्तर म्हणजे नुसता पगारी माणूस नसतो. गावानं आपलं चांगलेपण त्याच्याकडे ठेवीसारखं ठेवलेलं असतं. म्हणून ‘पिंजऱ्या’त गुरुजींचे कपडे एका प्रेतावर चढतात, गुरुजींचा खून झाला असं गाव मानतं आणि त्यांचा पुतळा उभा करतं. इकडे जिवंत गुरुजी तमाशाच्या फडात तुणतुणं धरून उभे. आणि शेवटी त्यांना पकडलं जातं ते कशासाठी? गुरुजींच्या खुनासाठी! आपण कोण, हे सांगितलं तर जीव वाचेल, पण गावाचा पुतळा पडेल. श्रीराम लागू तिथं गप्प राहतात. ते गप्प राहणं बर्लिनमध्ये नव्हतं. ते इथल्या मातीतून आलं. मी तो चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे वडील, स्वतः शिक्षक, घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नव्हते.

याच्या उलट आपलीच गोष्ट परगावी गेली तर काय होतं, तेही पाहिलं. ‘सैराट’मधला (२०१६) करमाळ्याकडचा मुलूख सोडून ‘धडक’ (२०१८) उदयपूरला गेला आणि वाटेत जात कुठंतरी पडून राहिली. निवडणूक आली, हवेल्या आल्या, दोघं पोरं दिसायला गोड. पण त्यांच्या संसारावर घाला घालतात तो नेमका कशासाठी, हे चित्रपट सांगायला बिचकतो. तलावाचा रकाना इथं असलेला खोडला.

‘डोंबिवली फास्ट’विषयी (२००५) मात्र माझं मन पक्षपाती आहे. निशिकांत कामतांचा तो चित्रपट पाहून ‘फॉलिंग डाउन’ची (१९९३) आठवण होते हे खरं. दोन्हीकडे साध्या थंड पेयाच्या किमतीवरून ठिणगी पडते. पण मायकल डग्लसच्या त्या माणसाची नोकरी गेलेली, संसार मोडलेला. आमच्या माधव आपट्याचं काहीच गेलेलं नाही. नोकरी आहे, बायको-मुलं आहेत, लोकल वेळेवर आहे. तो फक्त नियमानं वागतो आणि त्यामुळेच एकटा पडतो. आणि तो आहे कोण? बँकेतला माणूस! तो हातात बॅट घेतो ते मला पटलं नाही, पण घेण्याआधीचा त्याचा चेहरा मी शाखेत शेजारच्या टेबलावर पाहिलेला आहे. एखाद्या दिवशी आरशातही.

आता माझ्या सिद्धान्ताला छेद देणारं एक उदाहरणही सांगितलं पाहिजे. ‘१२ अँग्री मेन’ (१९५७) हा बारा ज्यूरींचा चित्रपट. बासू चटर्जींनी त्याचा ‘एक रुका हुआ फैसला’ केला १९८६ साली. नानावटी खटल्यानंतर आपल्याकडून ज्यूरी गेली, ती तोवर पार इतिहासजमा झाली होती. म्हणजे रकाना मुळातच खोटा. तरी चित्रपट उभा राहतो. बंद खोलीत घाईला आलेली माणसं आणि त्यांच्या पोटातले पूर्वग्रह आपल्याकडे जसेच्या तसे होतेच, त्यांना वेगळं काही शिवावं लागलं नाही. पंकज कपूर पाहा एकदा.

या चित्रपटाचं नाव निघालं, तर आता लपवण्यात अर्थ नाही. हा मूळ इंग्रजी चित्रपट मी तरुणपणी एका फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला होता. पुढं एका दिवाळी अंकात दीर्घकथा लिहिली. एका कॅशियरवर अफरातफरीचा आळ येतो, चौकशी समितीत पाच जण, चौघांना चारची गाडी पकडायची आहे आणि पाचवा म्हणतो, थांबा. कथा गाजली. पत्रं आली. त्यांत अमरावतीच्या एका वाचकाचं पोस्टकार्ड होतं. मजकूर असा की, बाराचे पाच केलेत, फाशीच्या जागी पेन्शन आणलीत, उत्तम केलंत, पण मूळ चित्रपटाचं नाव लिहायला एक ओळ पुरली असती.

मी त्याला उत्तर दिलं नाही. दुसऱ्याच्या खतावणीत एका पैशाची नोंद राहिली तर रात्री आठपर्यंत शाखा उघडी ठेवणारा माणूस मी!

हे नातीला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘म्हणजे तुम्ही पण?’’ आजी सांबारवडी तळायला उठून गेली.

ज्या संग्रहात ती कथा आहे त्याची नवी आवृत्ती निघते आहे. सोमवारी प्रकाशकांना फोन केला, कथेच्या आधी एक ओळ घालायची आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पानं लागून झाली हो, साहेब. आता ओळ घातली तर एक पान सरकतं. आणि इतक्या वर्षांनी कोण विचारतंय?’’

मी म्हटलं, पान सरकू द्या, जो खर्च येईल तो माझ्या मानधनातून वळता करा. ओळ फोनवरच सांगितली. त्यांनी ‘अँग्री’चं ऱ्हस्व-दीर्घ दोनदा विचारून लिहून घेतलं.