काळ्या मेंदीचा खोटा दिलासा

बायकांना केस काळे करायचा सोस, पाकिटावरचं त्या वाचत नाहीत, तोंड सुजलं की डॉक्टरकडे धावतात. डाय म्हणजे कॅन्सरला आवतण, त्यापेक्षा मेंदी लावा नाहीतर पांढरे केस मिरवा. एक गृहस्थ हे सभांमधून सांगत फिरतात आणि टाळ्या घेतात. यातली बरीच विधानं चुकीची आहेत आणि मेंदीचं तर घातक आहे.

सोसाचं म्हणाल तर पुरुष मिशीलासुद्धा डाय लावतात. त्यांना कोणी व्याख्यान देत नाही. पांढरे केस मिरवणं ज्याला परवडतं त्यानं खुशाल मिरवावेत; काउंटरवर उभं राहून पोट भरणाऱ्या पन्नाशीच्या बाईला मालक काय ऐकवेल, हे या गृहस्थांच्या गावीही नाही.

आता मेंदी. मेंदीच्या पानातल्या लॉसोन या रंगद्रव्यानं पांढरा केस नारिंगी-तांबडा होतो, काळा कधीच होत नाही. त्यावर निळीच्या पानांची पूड लावली तर काळपट छटा येते, पण त्यात कित्येक तास मोडतात. मग किराणा दुकानात माळेनं लटकणारं, हिरवं पान छापलेलं 'काळ्या मेंदी'चं पाकीट अर्ध्या तासात केस कुळकुळीत कसे करतं? ते उलटून बघा. अशा अनेक पाकिटांवर, मागे, तिळाहून बारीक अक्षरांत पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, लिहिलेलं सापडेल. काळ्या डायमध्ये सहसा असतं तेच हे द्रव्य, अ‍ॅलर्जीचं मुख्य कारण. म्हणजे यांचं ऐकून बाई डाय सोडते आणि तेच द्रव्य डोक्यावर थापते, तेही हातमोजे न घालता, कारण मेंदीला कसले मोजे? लग्नघरात झटपट काळे रंगणारे कोन पोरींच्या हातावर चालतात, त्यांतही हेच असू शकतं. एकदा शरीरानं पीपीडीशी वैर धरलं की ते सहसा जन्मभर टिकतं. लहानपणी अशा मेंदीनं हातावर फोड आलेली मुलगी चाळिशीत डाय लावते आणि दुसऱ्या दिवशी पापण्या उघडत नाहीत इतकी सुजते. शिकेकाई की शांपू हा वाद घरोघरी झाला तेव्हापासून पाल्याचं ते निर्धोक हा समज आपल्या डोक्यात बसलाय, आणि त्यावर आजही माल खपतोय. 'अमोनिया नाही' हा दिलासाही तसाच: अमोनिया काढला म्हणून पीपीडी जात नाही.

कॅन्सरबद्दल एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या 2010 सालच्या अहवालात घरी डाय लावण्याबद्दल ठाम निष्कर्ष काढता येत नाही असं आहे. 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलंय ते केशकर्तनाच्या व्यवसायातल्या कामाला. पार्लरमध्ये दिवसभर उघड्या हातांनी डाय कालवणाऱ्या मुलीचं नाव या व्याख्यानात येतच नाही.

आणि बायका वाचत नाहीत? आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, डोळे जाऊ शकतात, हा इशारा पीपीडी असलेल्या डायवर छापणं आपल्या नियमांनुसार सक्तीचं आहे. छापतातही, पण वाचायला भिंग लागतं. पार्लरमध्ये तर डाय वाटीत कालवूनच समोर येतो; पाकीट बाईच्या दृष्टीसही पडत नाही. तिनं वाचायचं काय?

लावायचा असेल त्यांनी डाय जरूर लावावा. सोबतच्या कागदात सांगितल्याप्रमाणे 48 तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडासा लावून बघावा, आणि दर वेळी बघावा, कारण दहा वर्षं सोसलेला डाय अकराव्या वर्षी उलटू शकतो. खाज किंवा पुरळ आलं तर तो डोक्याला लावायचा नाही. पार्लरवालीनं वेळ देतानाच दोन दिवस आधी त्यासाठी बोलवावं, पाकीट दाखवावं, आणि हाताखालच्या मुलीला हातमोजे द्यावेत. कंपन्यांनी पीपीडी हा शब्द पाकिटाच्या पुढच्या बाजूला, मराठीत, 'मेंदी' जेवढ्या अक्षरात छापलीय तेवढ्याच अक्षरात छापावा.