हट्ट कुणाचा, काम कुणाचं?

मैत्रिणींनो, उंच, सडपातळ, लांब तोंडाचं शिकारी कुत्रं एखाद्याच्या दारात दिसलं की येणारे-जाणारे थांबून बघतात. आपल्याकडे त्याला कुणी कारवान म्हणतं, कुणी मुधोळ. मुधोळ म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं घोरपड्यांचं जुनं संस्थान. २००५ मध्ये टपाल खात्याने या जातीचं तिकीट काढलं, २०२० मध्ये ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी तिचं नाव घेतलं. आपल्या मातीतल्या कुत्र्याचं कौतुक व्हायलाच हवं.

पण कौतुक करणारे वेगळे आणि निस्तरणारी वेगळी! पिल्लाचा हट्ट मुलांचा, पैसे मोजणार त्यांचे बाबा. भाकरी, आंघोळ, घाण काढणं, डॉक्टर हे सगळं मात्र आपसूक घरातल्या बाईकडे. म्हणून पिल्लू यायच्या आधीच त्याचा स्वभाव आपण समजून घेतलेला बरा.

हे कुत्रं नजरेने शिकार करतं. लांबवर काही पळताना दिसलं की ते सुसाट सुटतं. मग तो ससा असो की शेजारच्या वहिनींची कोंबडी. यात त्याचा काय दोष? पिढ्यान्‌पिढ्या त्याला त्यासाठीच वाढवलंय. पण ‘शिकारी जात आहे, सोडा रानात’ असं म्हणून चालणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार हा गुन्हा आहे. कुंपणाच्या मोकळ्या जागेत त्याला रोज पळवायचं, रस्त्यावर पट्टा हातात ठेवायचा. दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं चिडकं होतं आणि मग सगळे म्हणतात, ‘कुत्रंच वाईट निघालं.’ परक्याने एकदम अंगाला हात लावलेला अनेक कारवानांना खपत नाही, हे पाहुण्यांच्या मुलांना आधीच सांगावं.

त्याचा बांधाच सडपातळ, म्हणून उगाच खाऊ घालून फुगवू नका. नुसत्या दूध-भाकरीवर त्याचं भागत नाही. अंडी, मांसही हवं. शिजवलेली हाडं मात्र देऊ नका. जेवण दोन वेळा विभागून द्या आणि जेवल्यावर लगेच पळवू नका; पोट फुगून त्याला पीळ पडला तर जिवावर बेततं. अंगावर चरबी कमी, केस आखूड, म्हणून थंडीत गोधडीची ऊब हवीच. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, पुढे दरवर्षी. ऑपरेशनची वेळ आली तर ही शिकारी जात आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही भुलीची औषधं अशा कुत्र्यांच्या अंगातून लवकर उतरत नाहीत.

हे सगळं बारा-तेरा वर्षांचं काम आहे. तेव्हा पिल्लू आणण्याआधी घरातल्या सगळ्यांना समोर बसवा आणि विचारा, रोज पहाटे याला पळवायला कोण नेणार? खर्चाचं कोण बघणार? नावं ठरू द्या. नुसतं ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं, तर ‘नको’ म्हणायचा हक्क आपलाही आहे. त्यात आपलं भलं आहेच, पण त्याहून जास्त त्या मुक्या जिवाचं आहे.