विजेची मोटार स्वस्त खरी, पण कोणाला ?

हल्लीं विजेवर चालणाऱ्या मोटारीविषयीं बोलणें निघालें कीं "किलोमीटरला अवघा एक रुपया" हें वाक्य कोणी ना कोणी उच्चारतोच. मुलें तें पाठ करतात आणि नवी गाडी घेण्याच्या विचारांत असलेल्या वडिलांस संध्याकाळीं म्हणून दाखवितात. वाक्य अगदींच खोटें नाहीं. परंतु तें कोणाच्या बाबतींत खरें आणि कोणाच्या बाबतींत नाहीं, याचा हिशेब त्रैराशिक येणाऱ्या कोणत्याहि विद्यार्थ्यास करतां येईल. तो त्यानें घरीं वडील मंडळींच्या शेजारीं बसून करावा, एवढ्यासाठींच हा लेख.

आधीं मूळ कारण पाहूं. एक लिटर पेट्रोलांत सुमारें ९ युनिट विजेइतकी शक्ति सांठविलेली असते. पण तें जाळून चाक फिरवितांना तिचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग उष्णतेच्या रूपानें वायां जातो. नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या बॉनेटवर ज्यानें हात ठेवला आहे, त्यास हें निराळें सांगावयास नको. विजेच्या मोटारींत बॅटरींतील शक्तीचा फार मोठा भाग चाकापर्यंत पोंचतो, आणि ब्रेक लावतांना त्यांतील थोडी परतहि मिळते. खर्चांतील तफावतीचें बीज येथें आहे. शिवाय पेट्रोलच्या किंमतींत करांचा वांटा मोठा असतो, हेंहि विसरतां कामा नये.

आतां आंकडे मांडूं. २०२४ सालीं मुंबईंत पेट्रोलचा दर लिटरला सुमारें १०४ रुपये होता. लहान मोटार शहरांत लिटरला १६ किलोमीटर जाते असें धरल्यास किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. विजेची तशीच मोटार एका युनिटांत ७ किलोमीटर जाते असें धरूं. मात्र भिंतींतून घेतलेल्या १० युनिटांपैकीं सुमारें ९ च बॅटरींत उतरतात, म्हणून १० युनिटांत ६३ किलोमीटर. युनिटाला १० रुपये धरले तर किलोमीटरला सुमारें १ रुपया ६० पैसे झाले. पण घरगुती विजेचा दर पायरीपायरीनें चढतो. रोज ४० किलोमीटर फिरणारी गाडी महिन्यास सुमारें १९० युनिट खाईल. ज्या घरांत आधींच १५० युनिट लागतात, तें घर ३०० ची पायरी ओलांडील, आणि तिच्यावरील युनिट कितीतरी महाग पडतात. तेथें १५ रुपये मोजावे लागले तर किलोमीटरचा खर्च २ रुपये ४० पैशांवर जातो. म्हणून गाडीसाठीं निराळी जोडणी मिळते कीं काय, ही चौकशी आधीं करावी. इतकें करूनहि पेट्रोलच्या मानानें खर्च निम्म्याहून कमीच राहतो, हें निर्विवाद आहे.

मग अडचण कोठें आहे ? ती खरेदीच्या किंमतींत आहे. विजेची मोटार ३ लाख रुपयांनीं महाग पडते असें समजा. घरच्या विजेवर किलोमीटरमागें ४ रुपये ९० पैसे वांचतात. शाळा, बाजार व रविवारची फेरी मिळून ज्या कुटुंबाची गाडी रोज १५ किलोमीटरच धांवते, त्याची वर्षाची बचत सुमारें २६,८०० रुपये होईल. आणि तेच ३ लाख बँकेंत शेंकडा ७ दरानें ठेवले असते तर वर्षास २१,००० रुपये व्याज मिळालें असतें ! म्हणजे खरी बचत सहा हजारांच्याहि आंतच उरली. व्याज सोडून दिलें तरी ३ लाख भरून निघावयास अकरा वर्षें लागतील. पुष्कळ कंपन्या बॅटरीची हमी देतात ती ८ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटरची. रोज ४० किलोमीटर जाणाऱ्यास मात्र व्याज न धरतां सव्वाचार वर्षांत पैसे सुटतात. इंजिन ऑईल, फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच यांवरील खर्च टळतो तो वेगळा. टायर जड वजनामुळें थोडे लवकर झिजतात. या बारीकसारीक बाबींनीं निकाल फारसा फिरत नाहीं.

तेव्हां जो जास्त धांवतो त्यास ही गाडी लाभदायक, असें अनुमान कोणीहि काढील. मग टॅक्सीवाल्यासारखा लाभार्थी दुसरा कोण ? येथेंच आमचा मतभेद आहे. मुंबईची टॅक्सी पेट्रोलवर चालत नाहीं, सी. एन. जी. वर चालते. २०२४ सालीं तो वायु किलोला सुमारें ७५ रुपये होता. किलोला २५ किलोमीटर धरल्यास किलोमीटरला ३ रुपये. टॅक्सीवाला आपली गाडी रात्रीं रस्त्याच्या कडेस उभी करतो. त्याच्या खोलींतील तार तेथवर कशी पोंचावी? त्यास सार्वजनिक जलद केंद्रावर जावें लागतें. तेथें यंत्राची किंमत, जागेचें भाडें आणि १८ टक्के जी. एस. टी. मिळून युनिट २२ रुपयांस पडलें, तर किलोमीटरला साडेतीन रुपये झाले. अर्थात् त्याचें नुकसानच ! ज्याच्या इमारतींत स्वतःची जागा व भिंतींत सॉकेट आहे तो १ रुपया ६० पैशांत जातो, आणि जो पोटासाठीं दिवसभर गाडी हांकतो तो दुपटीहून अधिक देतो.

विजेचें वाहन मुंबईकरांस नवें नाहीं. १९०७ सालीं येथें विजेची ट्राम सुरू झाली, आणि १९२५ सालीं बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी. त्या वेळीं वीज वाहनापर्यंत नेण्याचा भार चालविणाऱ्या कंपनीनें उचलला होता, ट्रामच्या उतारूस "तुमचें सॉकेट कोठें आहे?" असें कोणीं विचारलें नाहीं. आज तो भार ज्याच्या त्याच्या शिरावर आहे. सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारीवर जी. एस. टी. १८ टक्के आणि विजेच्या मोटारीवर ५ टक्के. ही सवलत चांगलीच आहे, पण तिचा खरा उपभोग जागा असलेलाच घेऊं शकतो. आमच्या मतें पुढील पैसा टॅक्सीतळांवर रात्रीं सावकाश वीज देणारे साधे खांब उभारण्याकडे वळवावा. तेथें युनिट १२ रुपयांस मिळालें तर किलोमीटरचा खर्च १ रुपया ९० पैसे होईल. वर्षास ३६,००० किलोमीटर चालविणाऱ्याचे ३९,००० हून अधिक रुपये त्यांत वांचतील. गाडीची जादा किंमत फेडावयास एवढ्यानेंहि सातआठ वर्षें लागतील, म्हणून खरेदीची मदतहि आधीं त्यालाच मिळावी. रोज १५ किलोमीटर फिरणाऱ्या आम्हां गृहस्थांस ती थोडी उशिरां मिळाली तरी चालेल.