गुराख्यांच्या गावातील एक संध्याकाळ

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व प्रवेशद्वारापासून सुमारे ८४ किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत कोडी हे छोटे गाव वसले आहे. मुलाकडे वा मुलीकडे परदेशी गेलेले आजी-आजोबा उद्यान पाहावयास निघाले की हे गाव वाटेत लागू शकते. जून ते ऑगस्ट येथे रोज रात्री ‘रोडिओ’ हा घोडेस्वारीचा व गुरे दोराने पकडण्याचा खेळ चालतो. मध्येच प्रेक्षकांतील बालकांना रिंगणात बोलावले जाते. पळत्या वासराच्या शेपटीला बांधलेली फीत जो ओढील, तो जिंकला. नातू उठून उभा राहतो. जैन घरातील वडीलधाऱ्यांनी अशा वेळी काय करावे?

उत्तर देण्यापूर्वी हा वारसा समजून घेतला पाहिजे. ‘काउबॉय’ म्हणजे मुळात मजुरीवर राबणारा गुराखी. दोर, खोगीर व घोडेस्वारीची विद्या त्याने मेक्सिकोच्या गुराख्यांकडून घेतली. ‘रोडिओ’ हा शब्दही स्पॅनिश. १८६६ नंतर सुमारे वीस वर्षे टेक्सासमधील कळप शेकडो मैल चालवत रेल्वेस्थानकापर्यंत नेले जात व तेथून कत्तलखान्याकडे रवाना होत. या प्रवासात रात्री कळप बिथरू नये म्हणून पहाऱ्यावरचे गुराखी संथ स्वरात गाणी म्हणत. चित्रपटांनी त्यांच्या हातातील बंदूक अजरामर केली. परंतु भेदरलेल्या मुक्या जनावरांना शांत करीत असे तो मानवी आवाज.

या गावाच्या संस्थापकांपैकी एक विल्यम कोडी, अर्थात ‘बफेलो बिल’. रेल्वे कामगारांच्या अन्नासाठी आपण दीड वर्षाच्या आत ४,२८० बायसन मारल्याचे त्याने आत्मचरित्रात नोंदविले आहे. एकेकाळी या खंडावर कोट्यवधी बायसन होते. १८८९ च्या गणनेत सुमारे १,१०० उरले. बायसनवर ज्यांचे अन्न, वस्त्र आणि निवारा अवलंबून होते, त्या मूलनिवासी जमातींचे जीवनही त्याबरोबर उद्ध्वस्त झाले. पुढे याच बफेलो बिलने बायसनच्या रक्षणाचा पुरस्कार केला. यलोस्टोनमध्ये १९०२ साली जेमतेम दोन डझन रानटी बायसन शिल्लक होते; आज तेथे काही हजार आहेत. २०१६ मध्ये बायसनला अमेरिकेच्या राष्ट्रीय सस्तन प्राण्याचा मान मिळाला. गावातील मोठ्या संग्रहालयात बफेलो बिल, मूलनिवासी, निसर्ग आणि बंदुका यांची स्वतंत्र दालने एकाच छताखाली आहेत. दालनांतून क्रमाने फिरणाऱ्यास हिंसेची किंमत कोणी चुकविली हे वेगळे सांगावे लागत नाही.

बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ विवाहासाठी निघाले असता वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांनी ऐकला. आपल्या विवाहभोजनासाठी हे जीव मारले जाणार, हे कळताच त्यांनी रथ मागे वळविला. वरातीतील इतरांच्याही कानी तो आक्रोश पडला असेलच. ऐकू आला तो मात्र एकट्या नेमिनाथांना.

आजोबांनी नातवाला दरडावून बसवू नये. ‘ते वासरू का पळते आहे, असे तुला वाटते?’ एवढेच हळूच विचारावे. घोडेस्वाराचे कौशल्य त्याने डोळे भरून पाहावे, रात्रीच्या गाण्यांची कथा ऐकावी. त्या वासरामागे धावायचे की नाही, हे मग त्याचे त्यालाच उमगेल. यजमानांचा तिरस्कारही नको. कडाक्याच्या हिमवादळात रात्रभर जागून नवजात वासरे वाचविणारे पशुपालकही याच समाजात आहेत. अनेकान्ताची शिकवण पाठशाळेपुरती नाही.

कदाचित नातू उलट विचारील, ‘आजोबा, आपण दूध पितो, त्या गाईच्या वासराचे काय होते? तुमच्या कमरेचा पट्टा कशाचा आहे?’ या प्रश्नावर रागावू नये, तो टाळूही नये. परक्यांच्या रिंगणात दिसलेली हिंसा आपल्या घरातही शोधण्याची बुद्धी झाली, तर तो प्रवास तीर्थयात्रेइतकाच सफल म्हणावा लागेल.