नाटे, किरणोत्सार आणि बारावीचे फिजिक्स

डॉक्टर व्हायचे आहे, मग फिजिक्स कशाला, हा प्रश्न विज्ञान शाखेतल्या मुलांना एकदा तरी पडतोच. घरातून मिळणारे उत्तर ठरलेले असते: नीटच्या ७२० गुणांपैकी १८० फिजिक्सचे असतात. उत्तर खोटे नाही, पण बहुतेक मुलांना तेवढेच मिळते.

राजापूर तालुक्यातल्या नाटे परिसरात दुसरे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. साखरी नाटे हे मच्छीमारांचे बंदर. मासेमारीच्या बोटीवरचा फिश फाइंडर पाण्यात ध्वनिलहरी सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर. प्रतिध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परतला, तर जाऊन-येऊन ३० मीटर झाले, म्हणजे मासळी १५ मीटर खोल. शरीराच्या मऊ भागांत हाच वेग सुमारे १५४० मीटर असतो. गरोदर बाईची सोनोग्राफी होते ती याच हिशेबावर.

पण नाट्याला फिजिक्सची खरी गरज आहे ती दुसऱ्याच कारणासाठी. शेजारीच माडबनला १०,३८० मेगावॉटचा जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प नियोजित आहे. ११ मार्च २०११ रोजी जपानला भूकंप आणि त्सुनामीने गाठले, फुकुशिमाची दुर्घटना घडली. त्यानंतर सव्वा महिन्याने, १८ एप्रिलला, साखरी नाटे येथे आंदोलनाच्या वेळी झालेल्या पोलिस गोळीबारात एकाचा बळी गेला. जमीन, मासेमारी, सरकारवरचा विश्वास हे प्रश्न फिजिक्सने सुटणारे नाहीत. मात्र किरणोत्साराबद्दल दोन्ही बाजूंनी जे सांगितले जाते, ते तपासण्याची साधने बारावीच्या पुस्तकात आहेत.

अर्धायुकाल घ्या. मुले त्याचे सूत्र पाठ करतात, दोन गुणांचे गणित सोडवतात आणि पान उलटतात. अणुभट्टीच्या अपघातात बाहेर पडणाऱ्या आयोडीन-१३१चा अर्धायुकाल ८ दिवस आहे. दहा अर्धायुकाल, म्हणजे ८० दिवस गेले, की त्याचा जेमतेम हजारावा भाग उरतो. सीझियम-१३७चा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षे. तिथे हजारावा भाग उरायला ३०० वर्षे लागतात. आयोडीन थायरॉइडमध्ये साठते, म्हणून वेळेत दिलेली आयोडीनची गोळी त्या ग्रंथीला वाचवते. सीझियमपुढे तिचा काही उपयोग नाही. ‘गोळ्या आहेत, काळजी नको’ हे जितके अर्धवट, तितकेच ‘सगळेच कायमचे विषारी होईल’ हेही. हा फरक कळायला पदवी लागत नाही.

मात्रेचेही तसेच. जगभरात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो. छातीच्या एक्स-रेत तो ०.१ किंवा त्याहून कमी, पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र ८ ते १०, म्हणजे निसर्गाचा तीन-चार वर्षांचा हिशेब एका फेरीत. गरज असेल तेव्हा सीटी स्कॅन जरूर करावा, त्याने जीव वाचतात. पण अणुभट्टीच्या नावाने घाबरणारी माणसेच पोट जरा दुखले की ‘एकदा स्कॅन काढूनच टाका’ असा आग्रह धरतात, तेव्हा हे आकडे त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत हे कळते.

पोहोचणार कसे? दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला अकरावीत सगळे विज्ञान एकदम इंग्रजीतून येते. बोर्डाच्या परीक्षेत प्रॅक्टिकलला ३० गुण आहेत. अनेक ठिकाणी ते मागच्या वर्षीचे जर्नल उतरवून मिळतात. शहरातले क्लास तर प्रयोगशाळेचे दारही उघडत नाहीत.

अर्धायुकालाच्या प्रयोगाला प्रयोगशाळाही लागत नाही. शंभर नाणी एकदम टाकावीत, छापा पडलेली बाजूला काढावीत, उरलेली पुन्हा टाकावीत. सुमारे पन्नास, पंचवीस, बारा अशी संख्या उतरत जाते. कोणते नाणे कधी जाईल हे कुणालाच सांगता येत नाही, तरी आलेख दर वेळी जवळपास तसाच निघतो. वर्गात हे एकदा करायला पंधरा मिनिटे पुरतात. नाणी जमवायला फार तर बंदराजवळच्या दुकानापर्यंत जावे लागेल.