शिळ्या गांजाची झोप

कॅनाबिनॉल, बाजाराच्या भाषेत सीबीएन, हे गांजाच्या झाडाने स्वतःहून केलेलं द्रव्य नव्हे. गांजा जुना झाला, त्याला हवा, उजेड, उष्णता लागली की त्यातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं मुख्य द्रव्य, हळूहळू बिघडतं आणि त्याचं सीबीएन होतं. ताज्या फुलोऱ्यात ते नावापुरतंच सापडतं. मिसिसिपी विद्यापीठातल्या संशोधकांनी साध्या तापमानाला ठेवलेला गांजा वर्षानुवर्षं तपासला. पहिल्या वर्षात टीएचसी सुमारे १७ टक्क्यांनी घटलं, चार वर्षांत ४१ टक्क्यांनी, आणि सीबीएन वाढत गेलं. या दोघांच्या प्रमाणावरून माल किती जुना आहे याचा अंदाज बांधता येतो, हेही त्यांनी दाखवून दिलं.

मुलुंडच्या एका औषध कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलमध्ये, माझी सगळी नोकरी झाली. बाजारात जाणाऱ्या प्रत्येक गोळीचे नमुने आम्ही ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये सहा महिने ठेवायचो, ठरलेल्या तारखांना बाहेर काढायचो आणि एचपीएलसीवर, म्हणजे द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, चालवायचो. आलेखात मूळ औषधाच्या शेजारी एखादा नवा पीक उगवला की विभागात कुणाला चैन पडायचं नाही. ते डिग्रेडेशन प्रॉडक्ट, औषध बिघडून तयार झालेलं. ते काय आहे, किती आहे आणि माणसाच्या पोटात गेल्यावर काय करतं, याचा कागद तयार झाल्याशिवाय बॅच गेटबाहेर जात नसे. मर्यादेच्या वर निघालं तर बॅच बाद. लाखोंचा माल असला तरी बाद.

आज टीएचसीचं तेच डिग्रेडेशन प्रॉडक्ट गमीत, म्हणजे चघळायच्या गोळीत, घालून, जांभळ्या डबीत भरून, वर चंद्रकोर छापून, ‘गाढ झोप’ म्हणून अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या घराघरांत पोचवलं जातंय. ही रुग्णाची फसवणूक आहे.

आमच्याच सोसायटीतल्या एका वहिनींच्या फ्रिजवर मी ती डबी पाहिली. वहिनींची हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवायला रोज वॉरफरिन चालू आहे, दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, तपासावा लागतो. मोबाइलवर जाहिरात आली, मग एका ‘वैद्यां’शी व्हिडिओ कॉल झाला, तो पाच मिनिटंही चालला नाही, आणि दोन दिवसांत डबी दारात. “दुसरी कुठली औषधं चालू आहेत, हे विचारलं का त्यांनी?” मी म्हटलं. “नाही विचारलं. अहो भाऊ, आयुर्वेदिक आहे ते, त्याला काय होतंय!” डबीवर क्यूआर कोड होता. तो स्कॅन केल्यावर प्रयोगशाळेचा अहवाल उघडला. अहवालावरचा बॅच नंबर वेगळा, डबीवरचा वेगळा. टीएचसी किती, सीबीडी (गांजातलं नशा न आणणारं द्रव्य) किती, हे लिहिलेलं. सीबीएनच्या नावाचा रकानाच नाही. ज्याच्या नावावर डबी खपवली, त्याचंच मोजमाप गायब! माझ्या हाताखालच्या नव्या पोराने असा कागद सहीला आणला असता तर मी तो त्याच्यासमोर फाडला असता.

“हजारो वर्षांची परंपरा” असंही डबीवर होतं. सीबीएनला परंपरा नाही, जन्मतारीख आहे. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारच्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर फिरून १,१९३ साक्षीदार तपासले आणि सात खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यातल्या साक्षीही त्यात आहेत. त्याच काळात केंब्रिजमध्ये वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड हे तिघे रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानी चरसाचं ऊर्ध्वपातन करत होते. १८९६ मध्ये त्यांनी त्यातून लालसर, घट्ट तेल वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं आणि त्याला कॅनाबिनॉल हे नाव दिलं. नशा आणणारा मूळ घटक हाच, अशी त्यांची समजूत झाली, कारण त्या तेलात टीएचसी मिसळलेलं होतं. पुढे शुद्ध कॅनाबिनॉल हाती आलं, १९४० च्या सुमाराला अमेरिकेत रॉजर अॅडम्स आणि इंग्लंडमध्ये अलेक्झांडर टॉड यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं, आणि नशा त्याची नव्हे हे स्पष्ट झालं. खरा घटक, टीएचसी, गाओनी आणि मेशुलम यांनी १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा केला. गांजाच्या खास द्रव्यांपैकी, म्हणजे कॅनाबिनॉइड्सपैकी, ओळख पटलेलं पहिलं द्रव्य आपल्याकडच्या चरसातून निघालं, आणि तरी त्याच्याबद्दलची पहिलीच समजूत चुकीची ठरली. या इतिहासातून विक्रेत्यांनी काय उचललं? काहीही नाही. त्यांनी फक्त नाव उचललं आणि नवी समजूत चिकटवली.

आता झोपेचं बघू. १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये कार्निओल आणि सहकाऱ्यांनी पाच पुरुषांवर प्रयोग केला. पाच. ५० मिलिग्रॅम सीबीएन, २५ मिलिग्रॅम टीएचसी, आणि दोन्ही एकत्र, असे डोस दिले. दोन्ही मिळून घेतल्यावर गुंगी वाढल्यासारखी वाटली, एकट्या सीबीएनने विशेष काही झालं नाही. जुना गांजा ओढला की झोप येते, हा चिलीमवाल्यांचा अनुभव; जुन्या गांजात सीबीएन जास्त, हे रसायनशास्त्र; या दोहोंची मोट बांधून ‘सीबीएनने झोप येते’ हा सिद्धांत जन्माला आला आणि त्यावर अमेरिकेत धंदा उभा राहिला. २०२१ मध्ये जेमी कॉरून या संशोधकाने उपलब्ध सगळा पुरावा चाळला आणि झोपेचे दावे करण्याइतका आधार नाही, असं लिहून ठेवलं. २०२३ मध्ये तीनशेच्या आसपास लोकांवर चाचणी झाली, ती हेम्पची उत्पादनं विकणाऱ्या कंपनीशी जोडलेल्या संशोधकांची. २० मिलिग्रॅमने रात्री जाग येण्याचं प्रमाण कमी झालं, पण झोपेचा दर्जा, जो मुख्य प्रश्न होता, त्यात औषधाविना दिलेल्या दिखाऊ डोसच्या तुलनेत ठोस फरक दिसला नाही. सिडनीत २०२४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात झोप वाढलेली दिसली. म्हणजे शोधण्यासारखं काही असू शकतं, हे मी मान्य करतो. मग शोधा! माणसांवर नीट, मोठ्या, निःपक्ष चाचण्या करा, महिनोन्‌महिने घेणाऱ्यांचं काय होतं ते पाहा आणि मग विका. आधी विकायचं आणि पुरावा मागितला की उंदीर दाखवायचे, हे चालणार नाही.

अपाय काय, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं. सीबीएन मेंदूतल्या सीबी-१ ग्राहकाला टीएचसीपेक्षा खूपच कमी, सुमारे दहाव्या हिश्शाने चिकटतं, पण चिकटतं. प्रयोगशाळेत ते यकृतातल्या, औषधं मोडणाऱ्या काही सीवायपी विकरांना अडवताना दिसलं आहे, त्यात २सी९ आहे, आणि वॉरफरिनचा निचरा प्रामुख्याने तेच विकर करतं. माणसात किती डोसला याचा किती परिणाम होतो, हे ठरवायला अभ्यास लागतो, तो कुणी केलेला नाही. वहिनींच्या डबीतल्या गमीने त्यांचा आयएनआर वाढेल असं मी म्हणत नाही. वाढणार नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस खोटं बोलतोय, एवढं मी म्हणतो. लघवीच्या ड्रग टेस्टमध्ये सीबीएनमुळे गांजा घेतल्यासारखा निकाल येऊ शकतो. विमानतळावर किंवा जहाजावर नोकरी करणाऱ्या पोराची नोकरी त्यात जाऊ शकते. खेळाडूंसाठी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने सीबीडी सोडून सगळी कॅनाबिनॉइड्स बंदीच्या यादीत ठेवली आहेत. आणि डबीत नक्की काय आहे? अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, लेबल बरोबर असलेली फक्त ३१ टक्के निघाली आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. तिथे सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजाचे खाद्यपदार्थ चुकून खाल्ल्याच्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४ झाल्या. ही गमी दिसते जेलीच्या गोळीसारखी, चवीला आंबटगोड, आणि फ्रिजवर नातवाचा हात पोचतो.

शिवाय डबीतलं सीबीएन झाडातून पिळून काढलेलं असेलच असं नाही. एवढं सीबीएन झाडात नसतंच. कारखान्यात ते टीएचसीचं ऑक्सिडेशन करून किंवा सीबीडीवर आयोडीनची प्रक्रिया करून बनवता येतं. त्यात गैर काही नाही, आम्हीही आयुष्यभर संश्लेषित औषधंच बनवली. पण मग अशी प्रक्रिया केलेल्या मालात शिल्लक आयोडीन किती, सॉल्व्हंट किती, अर्धवट प्रक्रियेतले उपपदार्थ कोणते, हे दाखवायला हवं, आणि ‘निसर्गाची देणगी’ हे शब्द पुसायला हवेत.

आयुर्वेदाची ढाल पुढे केली जाते याची मला सगळ्यात जास्त चीड येते. भांग, म्हणजे विजया, शोधन करून, इतर द्रव्यांबरोबर, रोगी पाहून दिली जाते. जातीफलादि चूर्णात ती आहे, ते ग्रहणीसाठी. कुठल्याही संहितेत १८९६ च्या रेणूची गमी नाही. औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ हा इशारा छापणं बंधनकारक आहे. वहिनींच्या डबीवर तो होता, तळाला, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात.

याच उपनगरांत झाडातून औषध शोधण्याचं काम इमानाने झालेलं आहे, ते मला इथे सांगायलाच हवं. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत गरमरचं लोणचं घालतात, मुळ्या उभ्या चिरून, मोहरीच्या फेसात मुरवून. १९७० च्या दशकात मुलुंडच्या, हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात नोएल डिसूझा आणि सुजाता भट यांच्या चमूने या झाडाच्या मुळांतून फोर्सकोलिन वेगळं केलं, त्याची रचना ठरवली, रक्तदाबावर आणि हृदयावर त्याचा परिणाम प्राण्यांत तपासला. पेशीतल्या अॅडेनिलेट सायक्लेजला ते थेट चालना देतं हे पुढे अमेरिकेत कळलं आणि जगभरच्या प्रयोगशाळांत आजही ते वापरतात. त्याच रेणूत बदल करून जपानमध्ये हृदयाच्या विकारावर औषध बनलं. गोरेगावला १९६३ पासून सिबा या औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं. त्याआधी, १९४९ मध्ये, शहरातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन, आकडे मांडून, ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. सर्पगंधाही परंपरेतलीच होती. वकिलांनी परंपरेचं नाव छापून डबी विकली नाही, रुग्ण मोजले. आणि मोजल्यामुळेच पुढे तिच्यातल्या रिसर्पिनने काहींना उदासी येते हेही उघड झालं आणि डॉक्टर सावध झाले. ज्या मुलुंडमध्ये लोणच्याच्या मुळीला इतका आदर मिळाला, तिथे शिळ्या गांजाच्या अवशेषाला एका चाचणीचाही मान मिळू नये?

कायद्याकडे वळलं की रक्त तापतं. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात चरस आणि फुलोऱ्याचा गांजा बेकायदा, पानं त्या व्याख्येबाहेर. पानांच्या त्या फटीतून आणि आयुर्वेदिक परवान्याच्या आडून हा सगळा माल येतो. त्याच वेळी विधी सेंटर या कायद्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने मुंबईतल्या २०१७ आणि २०१८ च्या दहा हजारांवर खटल्यांचा अभ्यास केला, तेव्हा दोषी ठरलेले जवळपास सगळे स्वतःच्या सेवनासाठी पकडलेले निघाले, बहुतेक गांजाचे, बहुतेक रोजंदारीवरचे आणि झोपडपट्टीतले. स्टेशनबाहेर पुडीसकट सापडलेल्या हमालाला वर्षभराची कैद किंवा दहा हजारांचा दंड होऊ शकतो. त्याच झाडाचा अर्क चकचकीत डबीत घालणाऱ्याला गुंतवणूकदार मिळतात. मी त्या हमालाला तुरुंगात टाकण्याच्या विरोधात आहे आणि डबीवाल्याला मोकाट सोडण्याच्याही. दोन्ही म्हणणी एकाच तोंडाने मांडता येतात.

लोकांना झोप लागत नाही हे खरंच आहे. एलबीएस मार्गावर २०१८ पासून मेट्रोचं काम चालू, गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंटचे ब्रेकर, सीप्झमध्ये रात्रपाळी करणारी पोरं सकाळी आठला पडदे ओढून पडतात, बोरिवलीची बाई पहाटे चारला उठते कारण सव्वापाचच्या लोकलमध्येच जागा मिळते. या लोकांची झोप शहराने हिरावली आणि आता त्यांना ती डबीत विकत मिळते, हजाराच्या घरात. ज्याचं निद्रानाशाचं दुखणं नैराश्यातून, थायरॉइडमधून किंवा झोपेत श्वास अडकण्यातून आलं आहे, तो या गमीपायी डॉक्टरकडे जायचं आणखी सहा महिने टाळतो. हे नुकसान कुठल्याच अहवालात येत नाही.

वहिनींना डबी घेऊन मी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, गमी बंद झाली. पण इमारतीत आणखी डब्या आहेत. अन्न व औषध प्रशासनाचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, मुलुंडहून तासाभराच्या अंतरावर. तिथल्या अधिकाऱ्यांनी ग्राहक बनून या डब्या अंधेरीच्या, बोरिवलीच्या पत्त्यांवर मागवाव्यात, सरकारी प्रयोगशाळेत सीबीएन, टीएचसी, सॉल्व्हंट तपासावं, आणि बॅच नंबरसह निकाल मराठीत जाहीर करावेत. एचपीएलसीवर एका नमुन्याला अर्धा तास पुरतो.