पिकअपला साइड टेंट घेताय? आधी ताडपत्री काट्यावर ठेवा



द्राक्षं उतरायला लागली की पिकअप भरून पुण्या-मुंबईला सोसायट्यांच्या दारात विक्रीला जाणारे आपल्या तासगाव भागात बरेच आहेत. २०१६ साली फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, तेव्हापासून हा रस्ता मोकळा झाला, ते चांगलंच झालं. हंगाम आला की मेसेज पण सुरू होतात, आणि त्यात एक प्रश्न ठरलेला: "दादा, गाडीच्या बाजूला लावायचा तंबू कुठला घेऊ? ऑनलाइन साइड टेंट दिसतोय, मागवू का?"

माझं मत सरळ आहे. मागवू नका.

तो तंबू वाईट असतो असं नाही. तो ज्याच्यासाठी निघाला ती वस्तू वेगळी आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकापासून टिअरड्रॉप नावाचा छोटा कॅम्पर चालत आलाय. पाण्याच्या थेंबासारखा आकार, साध्या कारमागं ओढता येतो. आत दोघांना झोपण्यापुरती जागा, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. आत उभं राहता येत नाही, कपडे बदलायचे तर आडवं पडून. म्हणून दाराला लागून बाजूचा तंबू जोडतात. उभं राहायला, आडोशाला, पाऊस आला तर दोन खुर्च्या टाकून बसायला.

गरज बघितली तर आपलीच की! आपली पिकअप पण आठ-दहा दिवस घर असते आणि दुकान पण. फरक वापरात आहे. तो माणूस सुट्टीला तंबू लावणार, तोही गवतावर, खुंट्या ठोकून. आपण मार्चच्या उन्हात डांबरावर नाहीतर पेव्हर ब्लॉकवर रोज बारा-बारा तास लावणार. तिथं खुंटी ठोकायला गेलात तर सोसायटीचा चेअरमन आधी तुम्हालाच ठोकेल.

त्या स्वस्तातल्या टेंटवर ठळक लिहिलेलं असतं, वॉटरप्रूफ ३००० मिमी. याचा अर्थ एवढाच की कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी तेवढा दाब सोसून ते गळणार नाही. पावसाच्या हिशोबात उत्तम. पण उन्हाबद्दल तो आकडा एक शब्द बोलत नाही. पातळ पॉलिस्टर रोज उन्हात राहिलं की कमजोर पडत जातं आणि मग वाऱ्याच्या एका झटक्यात शिवणीपाशी फाटतं. शिवाय सोबत येणाऱ्या फायबरच्या काड्या. वळवाच्या आधी जो वारा सुटतो त्याला त्या काड्या म्हणजे बडीशेपेच्या काड्या. दहा-बारा हजार घालून हे घ्यायचं कशाला?

आपल्याला पाहिजे ते तालुक्याच्या गावात मिळतं. ताडपत्री, पाइप, आणि वेल्डिंगवाला.

ताडपत्री घेताना दुकानदार जीएसएम सांगतो. जीएसएम म्हंजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. बास, एवढंच. मग तोंडी कशाला विश्वास ठेवायचा? १८ बाय १२ फुटाची ताडपत्री म्हणजे २० चौरस मीटर. २०० जीएसएमची असेल तर ती ४ किलोच्या आसपास भरलीच पाहिजे. काट्यावर ठेवा. तीन किलो भरली तर ती १५० ची आहे, दुकानदार काहीही म्हणो. कोण मायक्रॉनमध्ये सांगतं, कोण जीएसएममध्ये, आणि दोन्ही आकड्यांची सरमिसळ करून गिऱ्हाइकाला फिरवतात. मायक्रॉन म्हणजे जाडी, ते वेगळं माप. काटा मात्र सगळ्यांना कळतो. आणि टेप पण लावा, कारण कापताना १८ फूट असलेली ताडपत्री कडा दुमडून शिवल्यावर आखूड होते. आपण पैसे १८ चे देतो. या एचडीपीई ताडपत्रीला भारतीय मानक आहे, आयएस ७९०३. छाप असेल तर दोन पैसे जास्त द्या. ऊन सोसायची म्हणजे यूव्ही ट्रीटमेंट आहे का तेही विचारा. काही जिल्हा परिषदा अनुदानावर ताडपत्री देतात, पंचायत समितीत चौकशी करायला काही जात नाही.

आता रंग. याच्याकडं कुणी बघत नाही आणि इथंच धंदा बसतो. निळ्या ताडपत्रीखाली माल ठेवला की द्राक्षावर निळसर झाक येते, हिरवा देठ पण मेल्यासारखा दिसतो. केशरी-लाल छताखाली उलटं, कच्चा टोमॅटोसुद्धा पिकलेला वाटतो, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन पिशवी उघडतं तेव्हा आपल्या नावानं बोटं मोडतं. पांढरं नाहीतर फिकट दुधी छत घ्या. उजेड खरा पडतो, आणि काळ्या-निळ्यापेक्षा खाली कमी तापतं. द्राक्षाला उन्हाची तिरीप लागली की देठ वाळतो, मणी गळायला लागतो, आणि दुपारनंतर तोच माल निम्म्या भावात सोडायची वेळ येते. छत हे आधी मालासाठी आहे, आपल्या डोक्यासाठी नंतर.

पैसे खरे घालायचे ते सांगाड्यात. एक इंची जीआय पाइप, चार पाय, वरची चौकट, कोपऱ्याला वेल्डिंग करून घेतलेले सॉकेट म्हणजे सुटं करून गाडीत टाकता येतं. पीव्हीसी पाइपचा मोह करू नका, उन्हात तो वाकतो. आणि सांगाडा स्वतःच्या पायावर उभा राहणारा पाहिजे. एक बाजू गाडीच्या हुकाला बांधली की एक पाइप वाचतो हे खरं, पण मग गाडी हलली की दुकान पडलं. आपली गाडी हलतेच की! माल संपला, दुसरी खेप आणायची, नाहीतर वॉचमन म्हणतो रुग्णवाहिकेला वाट द्या. कॅम्परवाल्यांनी यावर तोड काढलीय ती घेण्यासारखी आहे. तंबू स्वतंत्र उभा, आणि तंबू-गाडीच्या मधल्या फटीवर कापडाचा फक्त एक पदर. दोन गाठी सोडल्या की गाडी निघून जाते, तंबू जागेवर.

छताला उतार ठेवा. मागची बाजू पुढच्यापेक्षा हातभर खाली. सपाट छताला पावसात झोळ पडतो, आणि सहा बाय चार फुटाच्या झोळात इंचभर पाणी साचलं तर ते ५५ किलो होतं. एवढं वजन डोक्यावर लोंबत ठेवून खाली गिऱ्हाईक उभं करणार का?

वाऱ्यासाठी वजन पाहिजे. खताच्या रिकाम्या पोत्यात वाळू भरून चारी पायांना एकेक. वाळू तिथं मिळत नसेल तर २० लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे २० किलो, दोन-दोन कॅन बांधा. भरलेल्या क्रेटवर भरवसा ठेवू नका. सकाळी जड असतात, संध्याकाळी रिकामे होतात, आणि वळवाचा वारा नेमका संध्याकाळी येतो. दोऱ्या ताणताना येण्या-जाण्याच्या वाटेवर येऊ देऊ नका, आल्याच तर रंगीत चिंधी बांधा. म्हातारं माणूस अडखळलं की दुसऱ्या दिवशी त्या सोसायटीचं दार बंद.

आता मला जे मुख्य म्हणायचंय ते. बहुतेक जण नुसतं छत करतात. चार पाय, वर ताडपत्री, झालं दुकान. पण विक्रीला वहिनी पण येतात, कितीतरी गाड्यांवर गिऱ्हाईक त्याच सांभाळतात. आठ दिवस त्यांनी कपडे कुठं बदलायचे? गडी माणूस टॉवेल गुंडाळून गाडीआड होतो. बाई अंधार पडायची वाट बघते. आमच्या घरातल्यांनी हे पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगितलं होतं: आडोसा नसेल तर मी येत नाही. बरोबरच आहे त्यांचं. टिअरड्रॉपवाल्यांनी बाजूचा तंबू लावला तो याच कारणासाठी, आणि आपण नेमका तोच भाग वगळून बाकीची नक्कल करतो.

म्हणून तीन भिंती कराच. निदान मागच्या एका कोपऱ्यात चार बाय चारची खोली, जाड न पारदर्शक कापडाची, आतनं नाडी बांधता येईल अशी. इथं शेडनेट चालत नाही, रात्री आत बल्ब लावला की बाहेरनं सगळं दिसतं. बाकीच्या दोन बाजूंना मात्र शेडनेट झकास. बेदाणा शेडवरचं जुनं शेडनेट कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात पडलेलं असतंच, ते धुऊन घ्या. वारा खेळता राहतो, ऊन अडतं, फुकटात काम.

आणि एक. सगळ्या बाजू बंद करून आत गॅस पेटवू नका, कोळशाची शेगडी तर अजिबात नको. थंडी वाजते, पाऊस येतो, सगळं खरं. पण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. त्यात ताडपत्री प्लॅस्टिकची, ठिणगीनं वितळून अंगावर गळते. चहा बाहेर, उघड्यावर.

खर्चाचं विचाराल तर माझा सांगाडा, ताडपत्री, खोलीचं कापड, दोऱ्या धरून साडेपाच हजारांच्या आत बसलं. यातले निम्म्याहून जास्त पाइप आणि वेल्डिंगला गेले. ताडपत्री चार हंगामांनी बदलावी लागेल असं धरून चाललोय, सांगाडा राहील. एकट्यानं जमत नसेल तर दोघा-तिघांत एक करा, सगळ्यांचा माल काही एकाच आठवड्यात उतरत नाही. सॉकेटची मापं वहीत लिहून ठेवलीत, वेल्डिंगवाल्याला दाखवायला फोटो पाहिजे असेल त्यानं सांगा. उद्या पाणी द्यायची पाळी पहाटेची आहे, त्यामुळं उत्तर दुपारनंतर.